दर ऑक्टोबरात उभं राहणारं आश्चर्य

जुलैत कोल्हापुरात ओळखीचं कुणी भेटलं की ख्यालीखुशालीच्या आधी प्रश्न येतो, “किती फुटावर हाय?” कशाचे फूट, कुठले फूट, हे कुणी उलटून विचारत नाही. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. चहाच्या गाड्यावरच्या पोरापासून मंडईतल्या मावशींपर्यंत सगळ्यांना हे दोन आकडे पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत ५६ च्या. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बुडाला, शहराचं बेट झालं, आणि शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं जनावरांसकट छावणीत आली.

मी भूगोलाचा शिक्षक. जवळपास तीन दशकं शिकवलं. जगातल्या आश्चर्यांचा विषय निघाला की पेंगणारा वर्गही जागा व्हायचा. ग्रँड कॅन्यन ४४६ किलोमीटर लांब, दीड किलोमीटरहून खोल. हूवर धरण २२१ मीटर उंच. पनामा कालवा ८२ किलोमीटर, १५ ऑगस्ट १९१४ ला खुला झाला, ही तारीख सांगितली की दर वर्षी कुणीतरी “आपल्या स्वातंत्र्यदिनाला, सर!” म्हणायचंच. चीनचं थ्री गॉर्जेस धरण २२,५०० मेगावॅट. पोरं आकडे धडाधड सांगायची. एकदा मी विचारलं, देशभरच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत आपल्या शहराच्या नावानं एक बांधकाम शिकवतात, ते कोणतं? वर्ग गप्प. मग चप्पल आली, मिसळ आली, एकजण कुस्ती म्हणाला. बंधारा कुणीच म्हणालं नाही. त्यातली कितीतरी मुलं रोज सायकलवरून बंधारा ओलांडूनच शाळेत येत होती.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पुस्तकात त्याला ‘के. टी. वेअर’ म्हणतात, पण त्यातला ‘के’ कोल्हापूरचा. नदीच्या पात्रात आडवे, थोड्या थोड्या अंतरावर दगडी किंवा काँक्रीटचे खांब. खांबांना उभ्या खाचा. त्या खाचांत एकावर एक आडवे बसवायचे बरगे, पूर्वी लाकडी असत, आता बहुतेक लोखंडी. बरग्यांच्या दोन रांगा करून मधल्या पोकळीत चिकणमाती दाबून भरायची. पाऊस सरला की ऑक्टोबरच्या सुमारास बरगे घालायचे आणि वाहून जाणारं पाणी अडवायचं. मृगाच्या आधी ते काढून काठावर रचून ठेवायचे, म्हणजे पुराला वाट मोकळी राहते आणि गाळही पुढं जातो. मोटर नाही, वीज नाही, बुडालेलं गाव नाही. चार महिने नदी तिच्या मर्जीनं वाहते, आठ महिने माणसांच्या गरजेनं थांबते. कोल्हापूर जिल्ह्यात नदीकाठानं चालत गेलात तर एका बंधाऱ्याचं पाणी संपेपर्यंत पुढच्याचं लागतं, आणि दोन्ही काठांना ऊस. हा हिरवा पट्टा पाहून बाहेरचे लोक म्हणतात, काय नशीबवान मुलूख! नशिबापेक्षा इथं बरग्यांचा वाटा मोठा आहे.

माझं आजोळ कासारी नदीकाठचं. मामा तरुणपणी बरगे घालणाऱ्या टोळीत असायचे. छातीएवढ्या पाण्यात उभं राहून खाचेत बरगा उतरवायचा, तो तिरका बसला तर पुन्हा उचलायचा, माती भरताना पायानं तुडवायची. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी त्यांच्याबरोबर बंधाऱ्यावर गेलो. काठावरच्या ढिगातले कितीतरी बरगे गंजून जाळीदार झालेले, काही गायबच. उरलेल्या फटींत लोकांनी पोती आणि पाचट कोंबलेलं. पाणी अडलं, पण रात्रंदिवस गळत राहिलं, आणि मार्चमध्ये बंधाऱ्याच्या वर पायाचे घोटे बुडतील एवढंच उरलं. गावानं ज्या कार्यालयाकडं अर्ज दिला तिथून उत्तर आलं की निधी आला की बघू. मामा मला म्हणाले, “बाळ, बंधारा बांधायला सरकार आलं, पुढारी आलं, नारळ फुटला. बरगं घालायला कोण येतंय? पन्नास घातलं आणि एक ऱ्हायलं तर पन्नास बी वाया.”

मला जे म्हणायचं आहे ते मामांच्या या वाक्यात जवळजवळ सगळं आहे. जगातल्या मोठ्या बांधकामांकडं आपण एकदा बांधून संपलेल्या वस्तू म्हणून पाहतो. उंची विचारतो, लांबी विचारतो, खर्च विचारतो. त्या रोज कोण चालवतं, दर वर्षी काय बदलावं लागतं, ते थांबलं तर काय होतं, हे विचारत नाही. आणि ज्या गोष्टीबद्दल आपण विचारत नाही तिला अंदाजपत्रकात पैसा मिळत नाही. कोल्हापुरात आज मागण्या होतात त्या नव्या, भव्य, जागतिक दर्जाच्या प्रकल्पांच्या. माझी मागणी आहे की त्याआधी असलेल्याची निगा मागा, लेखी मागा, आकड्यांसह मागा.

पेरूमध्ये कुस्को प्रांतात अपुरिमाक नदीवर एक पूल आहे, केस्वाचाका. सुमारे तीस मीटर लांबीचा झुलता पूल, आणि तो गवताचा. डोंगरातलं चिवट गवत वळून दोर, दोर वळून सोल, सोल वळून मनगटाहून जाड दोरखंड. इंका काळापासून चालत आलेला हा पूल आजही उभा आहे, तो दर वर्षी जूनमध्ये चार गावांचे लोक एकत्र येऊन जुना पूल सोडतात आणि तीन दिवसांत नवा विणतात म्हणून. २०१३ मध्ये युनेस्कोनं या कामाची अमूर्त वारशात नोंद केली. नोंद पुलाची नाही, विणण्याच्या विद्येची आणि रीतीची आहे, हे लक्षात घ्या. २०२० मध्ये कोरोनामुळं लोक जमू शकले नाहीत. मार्च २०२१ मध्ये पूल कोसळला. एक वर्ष हात फिरला नाही, आणि शतकांची परंपरा नदीत गेली. त्याच जूनमध्ये गावकऱ्यांनी तो पुन्हा विणला.

चीनमधलं दुजियांगयान तर त्याहून मोठं उदाहरण. इसवी सन पूर्व २५६ च्या सुमारास ली बिंग नावाच्या सुभेदारानं मिन नदीवर हे काम उभं केलं. नदीला धरण घातलं नाही. पात्राच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा बांध घालून प्रवाह दुभंगला: एक वाट पुराला, एक कालव्याला. बांध कशाचा, तर बांबूच्या लांब टोपल्यांत भरलेल्या दगडगोट्यांचा. टोपल्या कुजतात, पुरात वाहून जातात, म्हणून त्या पुन्हा विणायच्या हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. हिवाळ्यात पाणी कमी झालं की गाळ उपसायचा. किती खोल उपसायचा? त्यासाठी तळात लोखंडी दांडे पुरलेले आहेत. दांडा दिसला की खणणं थांबवायचं. तिथली शिकवण थोड्या शब्दांत कोरून ठेवली आहे: तळ खोल उपसा, बांध उंच करू नका. आज काही भाग काँक्रीटचा झाला आहे, पण रचना तीच, आणि सहा लाखांहून जास्त हेक्टर शेती अजून त्या पाण्यावर आहे. सव्वादोन हजार वर्षं.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढं आपला बंधारा येतो. तत्त्व एकच आहे. नदीशी कायमची झुंज घ्यायची नाही, हंगामाप्रमाणं तिच्याशी व्यवहार करायचा, आणि त्या व्यवहारात माणसाचा वार्षिक हप्ता गृहीत धरायचा. फरक इतकाच, की त्यांनी उपसण्याच्या खुणा तळात पुरून ठेवल्या आणि आपण बरगे मोजायचं सोडून दिलं.

आता आपल्या राधानगरी धरणाकडं येतो. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आणि शतकाच्या अखेरीचा दुष्काळ या मुलखानं भोगला होता. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर धरणाचं काम काढलं. संस्थान ते केवढं, आणि धरण केवढं! पैसा अपुरा पडला, काम थांबलं, १९२२ मध्ये महाराज गेले, आणि धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात. म्हणजे ज्यांनी पाया घातला त्यांना ते पूर्ण दिसलं नाही. साडेआठ टीएमसीला थोडं कमी पाणी त्यात मावतं. जिल्ह्यातल्याच काळम्मावाडी धरणाच्या तुलनेत हे लहान. पण त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाहायला मी दर पावसाळ्यात जातो. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की दरवाजा पाण्याच्याच दाबानं आणि तोलानं उघडतो, पातळी उतरली की मिटतो. बटण नाही, विजेची वाट पाहणं नाही. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटतं. “राधानगरीचा सहा नंबरचा उघडला” असा निरोप मोबाईलवर फिरला की नदीकाठचा माणूस पाणी उपसायच्या मोटारी वर काढायला धावतो.

नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या तोंडाशी समुद्राच्या वादळी लाटा अडवणारं मास्लांटकेरिंग नावाचं दार आहे, १९९७ मध्ये पुरं झालेलं. दोन पाकळ्या, प्रत्येकी २१० मीटर लांब. पाणी धोक्याला पोचणार असं दिसलं की ती मिटायचा निर्णय संगणक घेतो, माणूस नाही. त्याचं जगभर कौतुक होतं आणि ते रास्त आहे. पण “पाण्यानं स्वतःच दार उघडावं” हा विचार आपल्याकडं वीज नसलेल्या जंगलात, तोलाच्या गणितावर, दशकं आधी प्रत्यक्षात आला होता. खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले तो काळ १९०३ चा.

मात्र कौतुकाच्या भरात एक गोष्ट झाकता कामा नये. राधानगरीचा स्वयंचलित दरवाजा फक्त आपल्या पाठीमागचं पाणी ओळखतो. खाली राजाराम बंधाऱ्यावर किती फूट आहे हे त्याला कळत नाही. हे धरण दुष्काळाच्या प्रश्नाचं उत्तर होतं: जितकं साठेल तितकं साठवा, उरलेलं सोडा. आज आपल्यापुढं दोन प्रश्न आहेत, उन्हाळ्यात टंचाई आणि चार-पाच दिवसांत कोसळणारा महापूर. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. वर कोसळतं ते सगळं खालच्याच्या अंगणात येतं. अशा वेळी कधी किती साठा ठेवायचा, पावसाचा अंदाज पाहून आधीच किती सोडायचं, याची जलाशय परिचलन सूची हाच धरणाचा खरा मेंदू असतो. ती सूची दर वर्षी लोकांपुढं मांडली गेली पाहिजे, सोप्या मराठीत, तालुक्याच्या गावात, जूनच्या आधी. आणि दरवाजांची निगाही. डिसेंबर २०२१ मध्ये दुरुस्तीच्या कामादरम्यान राधानगरीचा एक दरवाजा उघडाच अडकला आणि ऐन हिवाळ्यात भोगावतीला लोंढा आला. थंडीच्या सकाळी नदीत उतरलेल्या माणसांना पळावं लागलं. यंत्र जुनं झालं, यात कुणाचा अपराध नाही. पण जुन्या यंत्राला जास्त डोळे लागतात.

मास्लांटकेरिंगची एक रीत मला फार आवडते. वादळांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, सप्टेंबरच्या सुमारास, ते दार वर्षातून एकदा चाचणी म्हणून पूर्ण मिटवलं जातं, आणि ते पाहायला लोक पोराबाळांसह काठावर जमतात. एखाद्या यात्रेसारखं. आपल्याकडं उद्घाटनाला मांडव पडतो, चाचणीला पडत नाही. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीचं पाणी थेट पाईपलाईननं शहरात आलं तेव्हा किती आनंद झाला होता! पिढ्यांची मागणी होती, मीही त्या आनंदात होतो. तोच आनंद पंप वर्षभर न थांबता चालला म्हणून का साजरा होऊ नये? इटलीत जेनोआचा मोरांडी पूल १९६७ मध्ये खुला झाला तेव्हा तो अभियांत्रिकीचा मानबिंदू होता. १४ ऑगस्ट २०१८ ला तो कोसळला आणि ४३ माणसं गेली. बांधताना टाळ्या वाजवणारे हजारो असतात. काँक्रीटच्या आत गंजत चाललेल्या तारेकडं बघणारा एखादाच असतो, आणि त्याचं म्हणणं ऐकलं जाईलच याची खात्री नसते.

डच लोकांनी शिकवलेली दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्र आत घुसून त्यांची १,८३६ माणसं मेली. त्यानंतर त्यांनी डेल्टा वर्क्स, म्हणजे समुद्र अडवणाऱ्या बांध-दरवाजांची साखळी उभारली, ती आज जगातल्या आश्चर्यांच्या यादीत असतात. त्यातलं ऑस्टरस्खेल्ड इथलं काम आधी बंदिस्त धरण म्हणून ठरलं होतं. मच्छीमार आणि निसर्ग राखणारे लोक विरोधात उभे राहिले, खाडीतल्या कालवांचं आणि शिंपल्यांचं काय, म्हणाले. शेवटी आराखडा बदलला. एरवी उघडे राहतील आणि वादळातच बंद होतील असे ६२ दरवाजे बसवले, १९८६ मध्ये. खर्च वाढला, वेळ वाढला, पण भरती-ओहोटी जिवंत राहिली. मग १९९३ आणि १९९५ मध्ये नद्यांना पूर आले. १९९५ ला अडीच लाख लोक हलवावे लागले. बांध आणखी उंच करणं त्यांना सहज जमलं असतं, त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांनी ठरवलं, नदीला जागा द्यायची. नायमेखनजवळ लेंट गावी बांध ३५० मीटर मागं घेतला, पन्नासेक घरं उठवली, नदीला दुसरं पात्र खणून दिलं.

आपल्याकडं नदीची जागा नकाशावर आहेच. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. या दोन रेषांच्या आत काय काय उभं राहिलं आहे हे शिये-शिरोलीपासून शहराच्या उपनगरांपर्यंत कुणीही फिरून पाहावं. भराव टाकून रस्ता उंच केला की रस्ता वाचतो आणि मागचं शिवार बुडतं. प्रयाग चिखलीला पाच नद्यांचा संगम मानतात: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. त्या चिखलीच्या आणि आंबेवाडीच्या लोकांना मोठ्या पुरात घर सोडून सोनतळीच्या माळावर यावं लागतं. गाव सोडणं किती जड असतं हे मी जवळून पाहिलंय. उंबऱ्यावर पाणी आलं तरी म्हातारी माणसं म्हणतात, हितंच ऱ्हातो. त्यांना दोष देणाऱ्यांपैकी मी नाही. पण नदीला जागा द्यायची ती सगळ्यात गरीब गावानंच का द्यायची? बहुमजली इमारतींना निळ्या रेषेत परवानगी मिळणार आणि चिखलीनं मात्र हलायचं, हा न्याय नव्हे.

इथं कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय निघतो, त्याच्या फुगवट्यानं आपल्याकडं पूर चढतो अशी भीती आहे. ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत उंची वाढवायला आपला विरोध आहे, आणि तो विरोध अभ्यासानं, न्यायासनापुढं लढला गेला पाहिजे. पण गेल्या काही वर्षांत मला दिसतं की अलमट्टी हा शब्द उच्चारला की आपल्या भरावांबद्दल, आपल्या ओढ्यांबद्दल, आपल्या परवान्यांबद्दल बोलणं बंद होतं. तसंच पुराचं पाणी बोगद्यांनी दुष्काळी भागाकडं वळवण्याच्या योजनेचं. ती योजना चांगली असेल तर व्हावी. मराठवाड्याला पाणी मिळालं तर कुणाला आनंद होणार नाही? मोठ्या कामांच्या विरोधात मी मुळीच नाही. राधानगरी झालं नसतं तर भोगावतीकाठची गावं कधीच ओस पडली असती. माझं म्हणणं एवढंच, की जी व्यवस्था एका बंधाऱ्याचे बरगे सांभाळू शकत नाही तिच्या हाती मोठा बोगदा देताना त्याची पुढच्या पन्नास वर्षांची देखभाल कागदावर लिहून घ्यावी.

निसर्गाच्या आश्चर्यांचं काय? ती तर कुणी बांधलेली नाहीत, मग त्यांना निगा कसली? नायगाराचं उदाहरण घ्या. १९५० च्या करारानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा धबधब्यावरून सेकंदाला एक लाख घनफूट पाणी सोडलं जातं, आणि रात्री व हिवाळ्यात पन्नास हजार. उरलेलं वीजघरांकडं जातं. म्हणजे नायगारासुद्धा वेळापत्रकानं वाहतो. ब्राझील आणि पॅराग्वेच्या सीमेवर पाराना नदीवरचे सेते केदास हे धबधबे पाण्याच्या प्रमाणात नायगाराहून मोठे होते. १९८२ मध्ये इताइपू धरणाचं पाणी भरू लागलं आणि दोनेक आठवड्यांत ते कायमचे बुडाले. त्याआधी शेवटचं दर्शन घ्यायला लोकांची झुंबड उडाली. जानेवारीत तिथला एक झुलता पूल तुटून ३२ माणसं मेली. इताइपूची क्षमता १४,००० मेगावॅट. दोन देश ती वीज वापरतात, ती नको होती असं मी म्हणणार नाही. पण एक आश्चर्य गिळून दुसरं उभं राहिलं हे वर्गात शिकवताना माझा आवाज दर वेळी खाली यायचा.

आपल्या वाट्याला आलेलं नैसर्गिक आश्चर्य इतकं शांत आहे की ते आश्चर्य आहे हेच कळत नाही. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून निवडली. महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. राधानगरीचं जंगल आणि वरचे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं. पावसाळ्यात सड्यावर गेलात तर बोटभर मातीवर इवली निळी-पिवळी फुलं दिसतात, आणि पायाखालच्या सच्छिद्र दगडात पाणी मुरताना जवळजवळ ऐकू येतं. तेच पाणी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत झऱ्यांतून ठिबकत राहतं. धरण तर खालचा हंडा. झिरपा वर आहे. आणि याच जिल्ह्यातल्या काही सड्यांखाली बॉक्साइट आहे, म्हणून ते फोडले गेले आहेत. खाण संपल्यावर झाडं लावता येतात, पण जांभ्याचं छिद्रान्‌छिद्र परत रचता येत नाही.

पनामाच्या लोकांना ही गोष्ट पुरती उमगलेली आहे. त्यांच्या कालव्यातले ‘लॉक’, म्हणजे जहाज वर-खाली करणारे पाण्याचे कप्पे, समुद्राच्या पाण्यावर चालत नाहीत. एक जहाज पार व्हायला वीस कोटी लिटरच्या आसपास गोडं पाणी समुद्रात सोडावं लागतं, आणि ते येतं पावसानं भरणाऱ्या ‘गातून’ नावाच्या तलावातून. म्हणून चाग्रेस नदीच्या उगमाचं जंगल त्यांनी राष्ट्रीय उद्यान करून राखलं. एवढं करूनही २०२३ मध्ये पाऊस ओढला तेव्हा रोजच्या जहाजांची संख्या कमी करावी लागली. जंगल नसतं तर काय झालं असतं? हूवर धरणामागचा मीड तलावही २०२२ च्या जुलैत १९३७ नंतरच्या सगळ्यात खालच्या पातळीला गेला. २२१ मीटरची भिंत जागची हलली नाही, पाणी हललं.

तेव्हा राधानगरीच्या वरचं रान आणि सडे ही त्या धरणाचीच बांधणी आहे असं समजून त्यांचं रक्षण झालं पाहिजे. पाणलोटातल्या सड्यांवर नवी खाण नको. पन्हाळ्याचा २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशाच्या बारा किल्ल्यांत जागतिक वारसा म्हणून समावेश झाला, तेव्हा शहरात साखर वाटली गेली. किल्ल्याच्या तटाला आणि राधानगरीच्या सड्याला दर्जा एकाच संस्थेनं दिला आहे. साखर दोन्हींसाठी वाटावी, आणि तटावरची झुडपं काढायला वर्षातून दोनदा माणसं नेमावीत.

खर्चाचं म्हणाल तर बरग्यांचा खर्च महापुराच्या एका पंचनाम्यापुढं काहीच नाही. प्रत्येक बंधाऱ्यावर एक पाटी लावा: बरगे किती, चांगले किती, कधी घातले, कधी काढले, दुरुस्तीला या वर्षी किती पैसे आले. गावातली दहावीची पोरं ती पाटी वाचतील आणि मोजून बघतील, तेवढं गणित त्यांना येतं. बरगे घालणाऱ्या टोळ्यांना वेळेवर मजुरी द्या. हे काम येणारी माणसं आता साठीच्या पुढची आहेत, आणि त्यांच्याबरोबर ही विद्या जाईल. केस्वाचाकाला चार गावं गवत वळायला जमतात. आपल्याला तर दोर वळायचेही नाहीत, लोखंड आयतं आहे.

शाळेतून निवृत्त झालो तरी जुन्या विद्यार्थ्यांचा गट अजून जोडलेला आहे. येत्या ऑक्टोबरात आम्ही पंधरा-वीसजण मामांच्या गावच्या बंधाऱ्यावर जायचं ठरवलं आहे, बरगे मोजायला आणि टोळीच्या हाताखाली माती भरायला. मामांना फोनवर विचारलं, आम्ही येताना काय आणू? पाण्यात उतरणं त्यांना आता जमत नाही, काठावर बसून सांगणार आहेत. ते म्हणाले, “घमेली आणा, आणि माती शेतातली घिऊ नका, ती धुपत्या. वढ्याकाठची चिकण बघून ठेवतो मी.”